पासिंग संपेपर्यंत

मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असते. ती भरल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी म्हणून रस्त्यावर दिसायची थांबली. वर्तमानपत्रांनी तिला निरोप दिला, लोकांनी फोटो काढले. गाडी घ्यायच्या विचारात असलेल्यांनी मात्र त्या बातमीतला वेगळाच मुद्दा उचलायला हवा होता. १९६४ पासून कुर्ल्यात तयार होणाऱ्या फियाट ११०० डिलाइटचं पुढचं रूप म्हणजे पद्मिनी. एसी नाही, पॉवर स्टीअरिंग नाही, घाटात तापायची. तरीही कारखान्यातून नवी गाडी येणं बंद झाल्यावर कितीतरी वर्षं ती मुंबईच्या रहदारीत पाळ्यांवर पाळ्या करत राहिली आणि शेवटी कायद्यानं थांबवली म्हणून थांबली. तिचा कार्बोरेटर उघडून साफ करणारा मेकॅनिक नाक्यानाक्यावर होता आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तिचा कुठलाही पार्ट, नवा नाहीतर काढलेला, हमखास मिळायचा.

बिघाड सगळ्याच गाड्यांत होतात. पंधरा वर्षं गाडी ठेवायची असेल तर दहाव्या वर्षी ती तालुक्याच्या गावी, दोन दिवसांत आणि परवडेल अशा पैशांत दुरुस्त होईल का, एवढंच बघायचं असतं. शोरूममध्ये याचं उत्तर मिळत नाही. तिथे सनरूफ उघडून दाखवतात, मोठ्या स्क्रीनवर मॅप लावून दाखवतात आणि वॉरंटीनंतरचं काही विचारलं की एक्स्टेंडेड वॉरंटीचं पॅकेज पुढे सरकवतात.

उत्तर टॅक्सी स्टँडवर आहे. अमेरिकेत किंवा जर्मनीत कोणत्या गाडीत कितव्या वर्षी काय बिघडतं याच्या याद्या दरवर्षी छापून येतात. आपल्याकडे सामान्य गिऱ्हाइकाच्या हाती असं फारसं काही येत नाही, पण स्टँडवर उभ्या असलेल्या गाड्या हाच आपला सर्व्हे. शहरात वॅगनआर, डिझायर आणि एर्टिगा, लांबच्या भाड्याला इनोव्हा, सातारा-सांगलीकडच्या वडापात ट्रॅक्स आणि बोलेरो. या गाड्या कुणी हौसेनं घेतलेल्या नाहीत. गाडी एक दिवस गॅरेजला लागली की धंदा बुडतो आणि बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही, अशा माणसांनी त्या निवडल्या आहेत. भाड्याची टॅक्सी तीन-चार वर्षांत दोन-अडीच लाख किलोमीटर सहज पळते. घरची गाडी वर्षाला दहा-बारा हजार पळत असेल तर तिथवर पोचायला वीस वर्षं लागतील. म्हणजे तुमच्या गाडीचं भविष्य स्टँडवर आजच उभं आहे. ‘दादा, क्लच प्लेट कितव्या किलोमीटरला गेली? शॉकअप कितीला पडले? एसीचा कॉम्प्रेसर बदलावा लागला का?’ एवढं विचारा. कंपनीला शिव्या सगळेच घालतात, तेवढं सोडून द्या आणि आकडे लक्षात ठेवा.

स्टँडवर एक गोष्ट मात्र कळत नाही, ती म्हणजे वयाचा परिणाम. टॅक्सी पळून झिजते आणि घरची गाडी बऱ्याचदा उभ्या-उभ्या जुनी होते. रबरी बुश आणि होस कडक होतात, रंग उडतो, वायरिंग ठिसूळ होतं. त्यासाठी सोसायटीच्या पार्किंगमधून एक चक्कर मारा. नंबरप्लेटवरच्या सिरीजवरून गाडी साधारण कोणत्या सालची हे आपल्या शहरात राहणाऱ्याला बरोबर समजतं. बारा-तेरा वर्षांच्या कोणत्या गाड्या अजून रोज बाहेर निघतात आणि कोणत्या कव्हराखाली धूळ खात पडल्यात ते पाहा.

आता कंपनीबद्दल. पंधरा वर्षं ही कंपन्यांच्याही दृष्टीनं मोठी मुदत आहे. शेव्हरले गाड्या बनवणाऱ्या जनरल मोटर्सनं २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री बंद केली. पुण्याजवळचा तिचा तळेगावचा कारखाना पुढे ह्युंदाईनं घ्यायचं ठरवलं. फोर्डनं २०२१ च्या सप्टेंबरात इथलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. फियाट गेली, डॅटसन गेली. जाताना पार्ट आणि सर्व्हिस चालू ठेवण्याचं आश्वासन कंपन्या देतात आणि काही काळ पाळतातही. पण डीलर कमी होत जातात आणि मग पार्ट मागवून पंधरा-पंधरा दिवस वाट बघावी लागते.

इथे एक बारकावा आहे. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन पुंटो आणि लिनियात होतं. तेच स्विफ्टमध्ये, डिझायरमध्ये आणि टाटांच्या इंडिका व्हिस्टामध्येही होतं. त्यामुळे फियाट निघून गेल्यावरही पुंटोवाल्याचं इंजिन उघडून देणारा मेकॅनिक गावोगावी भेटतो. अडचण येते ती हेडलाइटची, बंपरची, काच वरखाली करणाऱ्या मोटरची आणि मीटर कन्सोलची. हे पार्ट त्या एकाच मॉडेलचे असतात आणि दुसऱ्या गाडीचे बसत नाहीत. बंद पडलेल्या कंपनीची गाडी घरी बसते ती बहुधा असल्या किरकोळ वाटणाऱ्या वस्तूंपायी. म्हणून विक्रीच्या आकड्यांना मी मान देतो. जी गाडी महिन्याला हजारोंनी विकली जाते तिचे पार्ट कंपनीबाहेरचे कारखानेही बनवतात आणि मूळ कंपनी गेली तरी बाजार सहजी आटत नाही. बाजारात येऊन चार महिने झालेलं मॉडेल मात्र घेऊ नये. पहिल्या वर्षातले दोष दुसऱ्यांच्या गाडीत निघू द्यावेत.

इंजिनाच्या बाबतीत माझी आवड जुनी वाटेल. तीन किंवा चार सिलिंडरचं साधं पेट्रोल इंजिन, टर्बो नसलेलं, टायमिंग चेनवालं. टर्बोला पिकअप चांगला असतो, एक्स्प्रेसवेवर मजा येते, पण तो भयंकर तापतो आणि तेलाच्या बाबतीत हलगर्जीपणा चालू देत नाही. तेल बदलायला सहा महिने उशीर झाला तर साधं इंजिन निभावून नेतं, टर्बो नेईलच असं नाही. टायमिंग बेल्ट असेल तर तो कंपनीनं सांगितलेल्या अंतराला न चुकता बदलावा लागतो. तो चालत्या गाडीत तुटला तर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनला धडकतात आणि हेड उघडावं लागतं.

डिझेलचं गणित तर बदलूनच गेलंय. बीएस-६ चा नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाला आणि त्याच वेळी मारुतीनं डिझेल गाड्या बंद केल्या. नव्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी एक जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. ती भरली की गाडी स्वतःच जाळीचं तापमान वाढवून काजळी जाळून टाकते. त्यासाठी गाडी काही वेळ सलग आणि बऱ्या वेगात पळायला हवी. नगर-पुणे रोज करणाऱ्याला काही त्रास नाही. पण डोंबिवलीत घरापासून स्टेशन, स्टेशनपासून क्लास आणि क्लासपासून भाजी मंडई एवढंच फिरणाऱ्या गाडीत ही सफाई अर्धवट राहते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या सुरू होतात. पैशांचंही बघा. डिझेल गाडी पेट्रोलपेक्षा लाख-सव्वा लाखानं महाग, आणि दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के कर तर डिझेलला १३. इंधनात किलोमीटरमागे दोन रुपये वाचतात असं धरलं तरी जादा पैसे वसूल व्हायला साठ-सत्तर हजार किलोमीटर लागतात. वर्षाला आठ हजार किलोमीटर चालवणाऱ्यानं आठ-नऊ वर्षं थांबायची तयारी ठेवावी.

सीएनजीचं गणित त्यापेक्षा सरळ आहे. रोजचं चालवणं असेल तर पैसे लवकर सुटतात. किट कंपनीतूनच बसवलेलं असावं, सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करून घ्यावी, आणि डिकी गेली हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावं. पंपावरच्या रांगेचा हिशेब ज्यानं-त्यानं आपल्या गावाप्रमाणे करावा.

गिअरबॉक्सवर लोक पुरेसा विचार करत नाहीत. मॅन्युअल टिकतो हे सर्वांना ठाऊक आहे, पण पुण्या-मुंबईच्या रहदारीत डाव्या पायाचं काय होतं हेही ठाऊक आहे. ऑटोमॅटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या चार अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर माणसाऐवजी यंत्र हलवतं. २०१४ मध्ये सेलेरिओनं ती छोट्या गाडीत आणली. गिअर बदलताना हलकासा धक्का देते, पण दुरुस्ती त्यातल्या त्यात आवाक्यातली. टॉर्क कन्व्हर्टर जुना आणि भरवशाचा. सीव्हीटी मऊ चालते, मात्र तिचं तेल वेळेवर बदलायला हवं. ड्राय क्लचचा डीसीटी गाडी पळवताना उत्तम, पण घोडबंदर रोडसारख्या रांगेत पावलापावलानं सरकताना तो तापतो आणि वॉरंटी संपल्यावर त्याच्या इलेक्ट्रॉनिक युनिटचं बिल ऐकून माणूस खुर्चीत बसतो. दहा वर्षांपुढे ठेवायच्या गाडीत मी तो घेणार नाही.

इलेक्ट्रिक गाडीबद्दल थोडक्यात. बॅटरीला सहसा आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी असते आणि बॅटरी हाच गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा. स्वतःच्या पार्किंगमध्ये चार्जर बसवता येत असेल आणि रोजचं पन्नास-साठ किलोमीटर ठरलेलं असेल तर आठ वर्षांच्या हिशेबानं ती अवश्य घ्यावी. पंधरा वर्षांचा हिशेब मांडणाऱ्यानं अजून थोडं थांबावं, कारण वॉरंटीबाहेरची बॅटरी उघडून दुरुस्त करणारा माणूस तुमच्या तालुक्याला अजून पोचलेला नाही.

पेट्रोल गाडी जुनी घेताना एक तारीख लक्षात ठेवावी. एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्या २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सोसेल अशा पाइप आणि सील लावून येतात. त्याआधीच्या अनेक गाड्या १० टक्क्यांच्या हिशेबानं बनलेल्या आहेत, आणि पंपावर आता ई-२० च मिळतं. कोल्हापूर-सांगलीचा ऊस अशा रीतीनं आपल्या टाकीत येतोय ते ठीक, पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असल्यामुळे एव्हरेज थोडं पडतं. जुन्या गाडीचे इंधनाचे रबरी पाइप दर सर्व्हिसला हातानं दाबून पाहावेत. चिकट किंवा फुगलेले लागले तर बदलावेत, खर्च फार नसतो.

आता नवी की जुनी. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी लागतो, मोठ्या गाड्यांवर ४० टक्के. छोटी गाडी घेणाऱ्याला सरकारनंच हात दिलाय. धरून चाला की ऑन रोड आठ लाखांची गाडी घेतली. पाच वर्षांनी ती चार लाखांना गेली तर वर्षाला ८० हजार रुपये नुसती किंमत उतरण्यात गेले. तीच गाडी पंधरा वर्षं ठेवून ७५ हजारांना दिली आणि मधल्या काळात क्लच, सस्पेन्शन, एसी अशा मोठ्या कामांवर वरचे दीड लाख घातले तरी वर्षाला ५८ हजारांच्या आसपास पडते. चार वर्षं वापरलेली तशीच गाडी साडेचार लाखांना घेऊन पंधराव्या वर्षापर्यंत चालवली, दुरुस्तीचे दीड लाख तिच्यावरही धरले, तर वर्षाला ४८ हजार. म्हणजे जुनीत वर्षाला दहाएक हजार वाचतात. हा फरक लोक समजतात तेवढा मोठा नाही. एक अनोळखी गाडी त्या दहा हजारांवर सहज पाणी फिरवू शकते. मालक माहितीतला असेल, सर्व्हिसची बिलं असतील तर जुनी जरूर घ्या. राज्यातल्या राज्यात रोड टॅक्सही पुन्हा भरावा लागत नाही, तो पहिल्या मालकानं भरलेला असतो. यातलं काही नसेल आणि गाडी खरोखर पंधरा वर्षं ठेवायची असेल, तर छोटी नवी गाडी घेणारा मुळीच उधळ्या नाही.

दिल्ली पासिंगच्या स्वस्त डिझेल गाड्यांपासून सांभाळून. तिकडे डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा आल्यापासून त्या गाड्या इतर राज्यांत उतरतात. एनओसी, इथला कर आणि नवा नंबर यांच्या फेऱ्यांत स्वस्ताई विरघळते.

आणि पुराच्या गाड्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, असंख्य गाड्या बुडाल्या. त्यानंतर मुंबई, कोल्हापूर, सांगली, चिपळूण, महाड सगळीकडे पूर येऊन गेले. अशी गाडी धुऊन-पुसून, सीट कव्हरं बदलून बाजारात आली की वरून ओळखू येत नाही. पुढच्या सीटचा बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत. रोज वापरला जाणारा भाग धुतलेला असतो, पण आत गुंडाळलेल्या शेवटच्या वीतभर पट्टीवर गढूळ पाण्याची आडवी रेघ राहून जाते. सीट मागे सरकवून तिच्या पट्ट्यांच्या बोल्टवर गंज आहे का पाहा. स्टेपनी उचलून खालच्या खोलगट जागेच्या कोपऱ्यात बोट फिरवा, वाळलेला बारीक गाळ हाताला लागतो. एसी लावून पाच मिनिटं काचा बंद ठेवा आणि वास घ्या. इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या, बॉनेटवर हात ठेवून गार असल्याची खात्री करा आणि मगच स्टार्टर मारा. निळा धूर, टकटक, डळमळणारं आरपीएम, जे काय असेल ते पहिल्या मिनिटात दिसतं. बँकेचा बोजा आरसी बुकावरून उतरलेला आहे ना आणि ई-चलन थकलेली नाहीत ना, हे पैसे देण्याआधी ऑनलाइन तपासता येतं.

व्हेरियंट मधला घ्यावा. वरच्यात सतरा इंची चाकं येतात, त्यांचे टायर महाग आणि खड्ड्यात रिम वाकायची भीती जास्त. सनरूफच्या कडेनं पाणी वाहून जायला बारीक नळ्या असतात. पानगळीचा कचरा अडकून त्या तुंबल्या की पहिल्या मोठ्या पावसात छतातून पाणी टपकतं. काटकसर एअरबॅगवर मात्र करू नये. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपच्या चाचण्या सुरू झाल्या आहेत, त्यातले तारे पाहून घ्या. पंधरा वर्षं ज्या गाडीत बायको-मुलं बसणार, तिच्या पत्र्याबद्दल बेफिकीर राहून चालत नाही. याच एका कारणासाठी फार जुनी गाडी घेण्याच्या मी विरोधात आहे.

गाडी घेतल्यावरचं बरंचसं तेल, कूलंट आणि ब्रेक ऑइल वेळेवर बदलण्यात आटपतं. बाकी गावानुसार बदलतं. चंद्रपूरच्या उन्हात बॅटरी आणि रबर लवकर जातं. रत्नागिरी-मालवणकडे खारी हवा पत्रा खाते. दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, आत शिरलेलं पाणी तिथून निथळतं. ती चिखलानं बुजली की पाणी आत साठतं, दार आतून सडतं आणि बाहेर रंगाला फोड येईपर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही. पावसाळा संपला की एक तार घेऊन ती मोकळी करावीत, आणि गाडी लिफ्टवर चढवून तळ साध्या पाण्यानं धुऊन घ्यावा.

विम्याची गोष्ट जुन्या गाडीवाल्यांना फार उशिरा कळते. गाडीची विम्यातली किंमत, म्हणजे आयडीव्ही, दरवर्षी घटते आणि दुरुस्तीचा खर्च तिच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनी गाडी टोटल लॉस धरते. बाराव्या वर्षी आयडीव्ही लाखभर उरलेली असते. समोरून धडक बसून बंपर, रेडिएटर, हेडलाइट आणि दोन एअरबॅग एवढंच गेलं तरी अंदाजपत्रक त्या रेषेपलीकडे जातं आणि उत्तम चालणारी गाडी कागदावर मरते. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी आयडीव्ही उगाच खाली ओढून हप्त्यातले पाचशे रुपये वाचवू नयेत. नो क्लेम बोनस मात्र जपावा. तो ५० टक्क्यांपर्यंत चढतो आणि गाडीच्या नव्हे, तुमच्या नावावर असतो, पुढच्या गाडीलाही लागतो.

पंधरा वर्षं झाली की आरसीची मुदत संपते. फॉर्म २५ भरायचा, गाडी तपासणीला न्यायची, पर्यावरण कर भरायचा आणि पास झाली की आणखी पाच वर्षं मिळतात. नूतनीकरणाची फी पूर्वी ६०० रुपये होती, १ एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली. वीस वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून १०,००० लागतात. पास करून घ्यायची की भंगार केंद्राला द्यायची, हे आरटीओच्या रांगेत उभं राहण्याआधी ठरवावं. इंजिन थोडा धूर टाकतंय एवढ्यानं गाडी मोडीत काढू नये. चांगल्या मेकॅनिककडून केलेलं हेडचं काम नव्या गाडीच्या तीन-चार हप्त्यांत बसतं. त्याऐवजी गाडी रॅम्पवर चढवून खाली जा आणि सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलेलं असतं तिथल्या पत्र्यावर स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. टणक लागलं तर पाच हजार भरा. टोक आत घुसलं तर भरू नका.